वॉटर पंप, टायमिंग बेल्ट आणि चार बोटांची जागा

२०२५ च्या एप्रिलमध्ये आमच्या गाडीचा वॉटर पंप, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव (कूलंट) इंजिनमधून फिरवणारा पंप, मी घरच्या पोर्चमध्ये बदलला. गाडी २०१० ची आहे, चार सिलिंडरची छोटी पेट्रोल हॅचबॅक, पासिंग नागपूरचं, एमएच ३१. कंपनीचं आणि मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण इंजिन आडवं बसवलेल्या आणि टायमिंग बेल्टवर चालणाऱ्या कितीतरी गाड्यांत हा पंप अशाच अडचणीत बसवलेला असतो. मी शाळेत गणित शिकवते. त्याआधी गाडीचं टायर बदलणं आणि एअर फिल्टर काढून झटकणं यापलीकडे माझा हात गेलेला नव्हता. काम सुरू करताना सगळ्यात जास्त त्रास झाला तो पुढे काय येणार हे माहीत नसल्याचा. म्हणून तारखा, खर्च आणि जिथे जिथे थांबावं लागलं त्या जागा, सगळं क्रमानं लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगते. पंप स्वतः बदलायला अर्धा तास लागतो. बाकी सगळा वेळ त्याच्यापर्यंत पोचायला आणि तिथून परत यायला लागतो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोर्चच्या फरशीवर हिरवट डाग दिसला, गाडीच्या उजव्या चाकाच्या थोडा पुढे. हात लावला तर चिकटसर, वास किंचित गोड. एसीचं पाणी तिथे पडत नाही आणि त्याला रंग नसतो, त्यामुळे कूलंट असणार हे कळलं. रिझर्व्ह बाटलीतली पातळी दर आठवड्याला थोडी खाली जात होती. मग एके दुपारी शंकरनगर चौकात सिग्नलला उभी असताना तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला. गाडी पुढे निघाली तसा खाली आला. नागपुरात ही गोष्ट टाळता येत नाही. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी गाडी बाहेर काढायची तर कूलिंगमध्ये थोडीही कसर चालत नाही. इंजिन जास्त तापलं तर हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा इंजिनचा वरचा भाग, वाकतं, आणि मग खर्च पंपाच्या कितीतरी पट होतो.

शेजारचे काका एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेत. गुडघ्यांमुळे त्यांना आता खाली बसता येत नाही. त्यांनी खुर्ची टाकून बोनेटमध्ये पाहिलं आणि म्हणाले, "आधी कुठून गळून राहिलं ते नक्की कर बेटा. अंदाजानं पार्ट बदलशील तर दुकानदार खूश, गाडी तशीच."

हे नक्की करायला दोन-तीन दिवस घेतले. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून त्याचं रबर पाहिलं. (गरम इंजिनवर हे झाकण कधीच उघडू नये. आत दाब असल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण सैल होताच ते उसळून अंगावर येतं.) ऑइलची पट्टी काढून पाहिली, ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. फॅन वेळेवर लागत होता. म्हणजे हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) फाटल्याची शंका बाजूला ठेवता आली. मग टॉर्च आणि दाढीचा छोटा आरसा घेऊन उजव्या बाजूला पाहिलं. पंपाच्या पुलीमागून खाली वाळलेल्या कूलंटचा पांढरा-हिरवा ओघळ होता.

पंपाच्या अंगावर एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतली सील गळायला लागली की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर येतं. म्हणजे तो ओघळ हा पंपानं दिलेला इशारा असतो. तिथे एम-सील लावणं, भोक बुजवणं असले सल्ले मलाही मिळाले. त्यानं पाणी बेअरिंगमध्ये जातं, बेअरिंग जाम होतं आणि पुलीवरचा बेल्ट तुटतो.

गॅरेजमध्ये विचारलं. साडेआठ हजारांचा अंदाज मिळाला, पार्ट आणि मजुरी धरून. आकडा वाजवी होता, पण एसीच्या कामांची गर्दी असल्यामुळे तारीख मेच्या मध्याची. आमची अडचण वेगळी होती. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि आमची १८ जून २०२५ ला संपत होती. नूतनीकरणाचा अर्ज, फॉर्म २५, मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत करता येतो, आणि तपासणीसाठी गाडी आरटीओत प्रत्यक्ष न्यावी लागते. उशीर झाला तर चारचाकीला महिन्याला ५०० रुपये जास्तीचे. गळकी गाडी घेऊन मे महिन्याच्या उन्हात आरटीओच्या रांगेत उभं राहायची माझी तयारी नव्हती.

काका म्हणाले, "मी बोलतो, तू हात चालव." मी होकार दिला, पण दोन रात्री नीट झोप लागली नाही. भीती पंपाची नव्हती, टायमिंग बेल्टची होती. हा बेल्ट पिस्टनमुळे फिरणाऱ्या खालच्या क्रँकशाफ्टला व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या कॅमशाफ्टशी बांधून ठेवतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हावा, हे त्याचं काम. आमच्यासारख्या इंजिनात हा मेळ बिघडला तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला धडकतो. पंपाचं अंग नेमकं त्या बेल्टच्या कव्हरमागे असतं, त्यामुळे बेल्ट काढल्याशिवाय पंप निघत नाही.

खरेदी ५ एप्रिलला, शनिवारी केली, कारण रविवारी रामनवमी होती आणि पोद्दारेश्वर राम मंदिराच्या शोभायात्रेमुळे त्या भागातले रस्ते भरलेले असतात. गाडी घरीच ठेवली. सुभाषनगरहून मेट्रोनं थेट कॉटन मार्केट स्टेशन, तिथून पायी घाट रोड. दुकानात पहिला प्रश्न आला तो चेसिस नंबरचा. हे फार महत्त्वाचं आहे. एकाच मॉडेलमध्ये वर्षानुसार पंप बदलतो, दिसायला दोन्ही सारखेच, पण आतल्या पंख्याची उंची वेगळी. जुना पंप अजून गाडीतच असल्यामुळे दाखवायला काही नव्हतं. डिजिलॉकरमधल्या आरसीवरून नंबर दिला, त्यांनी संगणकावर पार्ट नंबर काढला, आणि डब्यावरचा नंबर मी स्वतः ताडून पाहिला. पंप पॅकिंगसकट (पंप आणि इंजिनच्या मध्ये बसणारं गॅस्केट) १,४५० रुपये, टायमिंग बेल्ट ७८०, तो ताणून धरणारा टेन्शनर ९५०, बाहेरचा अल्टरनेटरचा बेल्ट ३५०. बेल्ट आणि टेन्शनर तेव्हा ठीक चालत होते, पण एवढं उघडून जुना बेल्ट परत चढवण्यात अर्थ नाही. पुढे कधी तोच तुटला तर सगळं पुन्हा उघडावं लागेल. घासाघीस करायची तर पंप सोडून बाकीच्यावर करा. पंप आणि टायमिंग बेल्ट खात्रीचाच घ्या आणि पक्कं बिल मागा, वॉरंटीला तेच लागतं.

पाणी मिसळून वापरायच्या दाट कूलंटची दोन लिटरची बाटली ६४० रुपये, डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन १२०. टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच कसता येतो असा पाना) १,९०० चा घेतला आणि गाडी टेकवायला लोखंडी घोड्यांची (जॅक स्टँडची) जोडी १,६०० ला. मला या दोन्ही वस्तू उसन्या मिळाल्या नाहीत. तुम्हाला मिळाल्या तर घ्या, पण घोड्यांशिवाय, नुसत्या जॅकवर, गाडीखाली हात घालू नका. विटांवरही नाही, दाबाखाली वीट अचानक फुटते.

१२ ते १४ एप्रिल सलग सुट्ट्या होत्या: हनुमान जयंती, रविवार, आणि सोमवारी आंबेडकर जयंती. काम पहाटे साडेपाचला सुरू करायचं आणि साडेनऊला थांबवायचं असं ठरवलं. दहानंतर पाना हातात धरवत नव्हता. पोर्चच्या दारात कूलर ओढून ठेवला. काकांनी डोक्याला दुपट्टा बांधून खुर्ची मांडली. बारावीची परीक्षा संपलेला माझा मुलगा टॉर्च धरायला.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मागच्या चाकांना अडणी लावली, उजव्या पुढच्या चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅक, घोडी, चाक बाहेर. चाकाच्या आतलं प्लॅस्टिकचं मडगार्ड काढलं की क्रँकची पुली समोर दिसते. रेडिएटरखालचा ड्रेन प्लग उघडून कूलंट टबमध्ये घेतलं आणि लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरलं. यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. आमच्या गल्लीतली कुत्री पहाटेच पोर्चमध्ये येऊन बसतात, म्हणून सांडलेलंही लगेच पुसत होते. नालीत तर अजिबात ओतू नका, आपल्या नाल्या शेवटी नाग, पिवळी नाहीतर पोहरा नदीलाच मिळतात. माझा कॅन नंतर एका वर्कशॉपनं त्यांच्या वापरलेल्या ऑइलच्या पिंपाशेजारी, वेगळ्या ड्रममध्ये ठेवून घेतला.

एक छोटी युक्ती जी मला पुस्तकात मिळाली नाही, काकांनी सांगितली. पंपाच्या पुलीचे बोल्ट बाहेरचा बेल्ट ताणलेला असतानाच सैल करून ठेवायचे. बेल्ट काढल्यावर पुली नुसती फिरत राहते आणि बोल्ट सुटत नाहीत.

बोल्टसाठी दुसरी युक्ती. एका पुठ्ठ्यावर इंजिनच्या त्या बाजूचं ढोबळ चित्र काढलं आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथे पुठ्ठ्याला भोक पाडून खोचला. कव्हरचे बोल्ट दिसायला एकसारखे, पण लांबीत फरक. लांब बोल्ट आखूड जागी कसला तर तळाला टेकतो आणि आटे जातात. प्रत्येक टप्प्याचा फोटोही काढला, विशेषतः वायरी आणि होसच्या क्लिपांची दिशा.

क्रँक पुलीचा मधला बोल्ट या सगळ्यात घट्ट. त्यावर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवलं होतं. गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली, मुलगा ब्रेकवर उभा राहिल्यासारखा बसला, आणि मी रिंचच्या दांड्यावर लांब पाइप चढवून वजन दिलं. झटका देऊ नका, हळूहळू वजन टाका. तो सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज येतो. ऐकून काळजात धस्स झालं, काही तुटलं असं वाटलं. काका हसत होते. "सुटला. आता चहा घे."

उजव्या बाजूचं इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारा जोड, काढायचं म्हणजे इंजिनला खालून आधार हवा. ऑइलच्या चेंबरखाली लाकडी फळी ठेवून दुसरा जॅक फक्त टेकवला, उचलला नाही. फळी नसेल तर चेंबरचा पत्रा आत दबतो. माउंटिंग निघाल्यावर जॅक थोडा खाली-वर करून एकेक बोल्ट समोर आणता येतो. इंजिन आणि गाडीची बाजू यांत जागा जेमतेम चार बोटांची. तळहात आडवा घातला की मनगट वळत नाही, मनगट वळवलं की पाना मावत नाही. इथे घाई करून उपयोग नाही. मी प्रत्येक बोल्टसाठी आधी पान्याशिवाय हात घालून पाहायचे, तो कुठे आहे, कोणत्या कोनात आहे ते बोटांना कळू द्यायचे, मग गोटी (बोल्टवर बसणारं सॉकेट) आणि एक्स्टेन्शनची लांबी ठरवायचे. असं केल्यावर काम हळू वाटतं पण पुढे सरकतं.

कव्हर काढण्याआधी इंजिन पहिल्या सिलिंडरचा पिस्टन सगळ्यात वर येईल अशा स्थितीत आणलं. त्यासाठी गाडी न्यूट्रल केली आणि चारही स्पार्क प्लग काढून टाकले, म्हणजे दाब राहत नाही आणि पुलीचा बोल्ट तात्पुरता बसवून पान्यानं क्रँक सहज फिरतो. फिरवायचा तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच. कव्हर निघाल्यावर कॅमच्या चक्रावरची खूण आणि हेडवरची खूण समोरासमोर, खाली क्रँकच्या चक्रावरची खूण तिच्या खाचेसमोर. कंपनीच्या खुणा बारीक असतात, काळ्या पडलेल्या असतात, म्हणून त्यांच्यावर पांढऱ्या नेलपॉलिशचे ठिपके दिले. फोटो काढले, मुलाला वेगळं बघायला सांगितलं, काकांना मोबाइलवर दाखवले. तिघांचं एकमत झाल्यावरच टेन्शनर सैल केला आणि बेल्ट उतरवला. त्या क्षणी पोटात गोळा आला होता, खरंच. पुढचे सगळे दिवस क्रँक आणि कॅम यांना कोणाचाही धक्का लागू नये म्हणून बोनेटवर चिठ्ठी लावून ठेवली.

आता पंप समोर होता. पाच बोल्ट. चार निघाले. पाचवा, सगळ्यात लांब, अल्टरनेटरच्या पट्टीतून पंपात आणि पुढे इंजिनच्या ब्लॉकमध्ये जाणारा. तो डोळ्यांना दिसतच नव्हता. आरशात दिसत होता, तोही उलटा. महिनोन्‌महिने गळणारं कूलंट नेमकं त्याच्यावर साचलं होतं. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, बोल्ट लोखंडी, मध्ये ओल. दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. पान्यावर वजन दिल्यावर बोल्ट किंचित पिळल्यासारखा, रबरासारखा लागला. काकांनी तिथेच थांबवलं. "रबरासारखा लागून राहिला ना? मग सोड त्याले. आता जोर लावशील तर डोकं तुटून हातात येईल, अन् बाकीचा आत."

तिथे मी दोन दिवस अडकले होते, आणि ज्यांना हे काम करायचंय त्यांनी या अडकण्यासाठी वेळ आधीच धरून ठेवावा. तेल मारायचं, थांबायचं. गोटी सहा कोनांचीच वापरायची, बारा कोनांची बोल्टचे कोपरे खाते. लांब पंच बोल्टच्या डोक्यावर टेकवून हातोडीने हलके, पण पुष्कळ ठोके द्यायचे, म्हणजे गंज आतून हलतो. हीट गननं आजूबाजूचं ॲल्युमिनियम तापवायचं, ते लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावतं. ज्योत मात्र अजिबात नाही, जवळ रबर आहे आणि पेट्रोलची लाइन आहे. मग आधी किंचित घट्ट, मग किंचित सैल. पुन्हा तेल. १४ तारखेला आंबेडकर जयंती असल्यामुळे रात्रीपासून दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या लोकांची वर्दळ होती, दुकानं बंद होती, दुसरं काही आणायचं म्हटलं तरी मिळालं नसतं. तेल मारून गाडीवर चादर टाकली आणि बोल्टला तसाच सोडला.

मंगळवारी शाळा होती. संध्याकाळी परत आले, हात घातला, आणि घट्ट करण्याच्या दिशेनं अगदी थोडा जोर दिल्यावर 'कट्' असा बारीक आवाज आला. पाव फेरा सैल, तेल, अर्धा फेरा आत, पुन्हा पाऊण फेरा बाहेर. असं करत पूर्ण बाहेर यायला अंधार पडला. मी तो बोल्ट काकांच्या हातात दिला तेव्हा माझे हात थरथरत होते. आट्यांवर पांढरी पूड बसली होती, पण आटे शाबूत. तो परत वापरला नाही, त्याच लांबीचा आणि तेवढ्याच ताकदीचा नवा आणला. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असतो, तो पाहून घ्या. नटबोल्टच्या दुकानात लांबी मोजून कोणताही साधा देतात, तो इथे चालत नाही.

पंप सुटताच ब्लॉकमध्ये उरलेलं पाणी एकदम बाहेर येतं. खाली टब आणि क्रँकच्या चक्रावर जाड कापड आधीच ठेवा. जुन्या पंपाचा पंखा पाहिला तर पात्यांच्या कडा झिजून करवतीसारख्या झालेल्या, आणि घरात चुन्याचा थर. गाडी आम्ही २०१७ मध्ये जुनी घेतली होती, त्याआधी तिच्यात कधीतरी बोअरचं पाणी भरलं गेलं असणार. जड पाण्यातले क्षार तापल्यावर आतून बसतात, आणि गंज रोखणारी द्रव्यं नुसत्या पाण्यात नसतात. नागपूरच्या उन्हाळ्यात "कूलंट कायले, पाणी टाका" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी तो पंखा पाहायला हवा. कूलंट फक्त थंडीसाठी असतं हा समज चुकीचा आहे. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असलेलं मिश्रण साध्या पाण्यापेक्षा सात-आठ अंश उशिरा उकळतं, आणि पंप-रेडिएटर गंजू देत नाही.

जुनं पॅकिंग ब्लॉकला चिकटलेलं असतं. ते स्टीलच्या पात्यानं खरवडू नका, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथूनच गळतं. जुनं प्लॅस्टिकचं कार्ड आणि थोडं थिनर पुरलं. यात एक पूर्ण सकाळ गेली, १९ तारखेची.

नवा पंप बसवायला वेळ लागला नाही. पॅकिंग कोरडंच, वर गोंद नाही. बोल्ट आधी सगळे हातानं, मग समोरासमोरचे थोडे थोडे, शेवटी टॉर्क रेंचनं. आठ मिलिमीटरच्या अशा बोल्टला २०-२५ न्यूटन मीटर म्हणजे अगदी मनगटाचा जोर, अंगाचा नाही. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

नवा टेन्शनर, नवा बेल्ट. बेल्टवर दिशेचा बाण असेल तर तो पाहायचा, ताणलेली बाजू टेन्शनरच्या विरुद्ध ठेवत चढवायचा. मग सगळ्यात गरजेची गोष्ट: पान्यानं, हातानं, क्रँकचे पूर्ण दोन फेरे. कुठेही अडलं तर जोर न लावता थांबायचं. दोन फेऱ्यांनंतर नेलपॉलिशचे ठिपके पुन्हा समोरासमोर आले. तरी मी आणखी दोन फेरे दिले. या दोन मिनिटांच्या तपासणीवर अख्खं इंजिन अवलंबून असतं, म्हणून इथे माझ्यापेक्षा जास्त संशयी व्हा. त्यानंतर टेन्शनरचा बोल्ट कायमचा घट्ट केला.

परत जोडणी २० एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत झाली. पुठ्ठ्यावर एकही बोल्ट उरला नाही. क्रँक पुलीला मॅन्युअलमधला आकडा, माउंटिंगलाही. प्लग बसवले. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट समसमान मिसळून हळूहळू भरलं, कारण पटकन ओतलं तर आत हवा अडकते. कॅबिनचा हीटर पूर्ण गरमवर ठेवला, म्हणजे त्याच्याही नळ्या भरतात. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून, इंजिन थंड असतानाच, मी किल्ली फिरवली.

एका झटक्यात सुरू झालं. मी स्टिअरिंगवरून हात काढू शकत नव्हते. काका डोळे मिटून ऐकत होते, मग म्हणाले, "बेल्टचा आवाज नाही, बेअरिंगचा नाही. जमलं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

मग बुडबुडे येत राहिले, पातळी खाली जात राहिली, मी भर घालत राहिले. तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटरचा दुसरा होस हाताला गरम लागतो, ती खूण. झाकण लावलं, फॅन लागला, बंद झाला, पुन्हा लागला. काटा जागचा हलला नाही. एप्रिलच्या संध्याकाळी पूर्ण हीटर लावून गाडीत बसणं कठीण जातं, पण अर्धा तास बसावं लागतं. रात्रभर गाडी थंड होऊ दिली, सकाळी पातळी बोटभर खाली होती, भरली. हे होतंच, घाबरू नका. आधी कॉलनीत चक्कर, मग वाडीपर्यंत, मग वर्धा रोडनं बुटीबोरी आणि परत. प्रत्येक वेळी थांबून खाली कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवत होते. डाग पडला नाही.

पार्ट, बेल्ट, कूलंट आणि पाणी मिळून ४,२९० रुपये, हत्यारं ३,५००, वर किरकोळ बोल्ट, तेल, थिनर. म्हणजे पहिल्या वेळी गॅरेजपेक्षा फारसं स्वस्त पडत नाही. वेळेचा हिशोब धरला तर अजिबात नाही. पैसे वाचवायला म्हणून कोणी यात उतरू नये. मात्र जागा, सावली, दुसरी गाडी किंवा मेट्रो, आणि फोनवर का होईना पण विचारायला एक जाणता माणूस असेल, तर भीतीनं मागे राहण्याचं कारण नाही. ज्यांना बेल्टच्या खुणा नीट सापडणार नाहीत त्यांनी तिथेच थांबून मिस्त्री बोलवावा. कव्हर उघडलेली गाडी बघायला तो घरी येतो.

आरटीओचं काम २५ एप्रिलला सुरू केलं. आधी पीयूसी, १२५ रुपये, आमच्या जुन्या गाडीला सहा महिन्यांची मिळते. विमा चालू हवा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आधीच बसवून घेतली होती, तिचे ७४५ आणि त्यावर जीएसटी. परिवहनच्या पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज, फॉर्म २५, ५,००० रुपये शुल्क, स्मार्ट कार्डाचे २००. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला पर्यावरण कर वेगळा, तेव्हा पाच वर्षांचा ३,००० होता. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा अर्जासोबत लागतो. तो घरीच घ्या, तिथे उन्हात वाकून घेणं अवघड जातं. पत्ता बदलला असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या, कार्ड पोस्टानं त्याच पत्त्यावर येतं.

तपासणीची वेळ ६ मेची मिळाली, गिरीपेठेतल्या कार्यालयात. सकाळी लवकर जाऊनही रांग होतीच. रांग पुढे सरकेल तशी गाडी सरकवावी लागते, त्यामुळे इंजिन बराच वेळ चालू राहिलं. मी एसी बंद करून काट्याकडे पाहत होते. फॅन लागायचा, बंद व्हायचा. निरीक्षकांनी चेसिस आणि इंजिन नंबर ताडला, दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, टायर आणि प्लेट पाहिली. बोनेट उघडल्यावर नव्या बेल्टकडे नजर गेली तेव्हा विचारलं, "काम कुठं केलं?" मी म्हटलं, "घरी." त्यांनी मान डोलावली आणि सही केली.

नवं कार्ड मेच्या अखेरीस आलं, नोंदणी १८ जून २०३० पर्यंत. बोनेटच्या आतल्या बाजूला मी एक स्टिकर लावलाय: पंप, बेल्ट, टेन्शनर बदलल्याची तारीख आणि किलोमीटर. त्याखाली कूलंट बदलायची तारीख, एप्रिल २०२७. टॉर्क रेंच आणि घोड्या घरात आहेत, त्रिमूर्तीनगर-प्रतापनगर भागात कोणाला लागल्या तर घेऊन जा.